वर्ष-दीड वर्षाचं पोर पुस्तक चावतंय, फाडतंय... त्याला वाचून दाखवायचं तरी कसं?

दीड वर्षाच्या मुलाच्या हातात पुस्तक दिलं की ते काय करतं? आधी तोंडात घालतं. मग जमिनीवर आपटतं. मग उलटं धरून तीन-चार पानं एकदम उलटतं. आणि तुम्ही "एक होता ससा..." म्हणेपर्यंत ते उठून स्वयंपाकघरात कुकरचं झाकण ओढायला गेलेलं असतं.

इथे बरेच आईबाबा निकाल देऊन मोकळे होतात. "आमच्याकडच्याला नाही बाबा पुस्तकांची आवड." किंवा मग, "अजून लहान आहे, शाळेत जायला लागला की बघू." पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर जातं, खास फाटू नये म्हणून. आणि दुपारचं जेवण मोबाईलवरच्या गाण्यांसोबत सुरू होतं.

खरं तर त्या पोराने जे केलं ते त्याच्या वयाचं वाचनच होतं. गडबड आपल्या डोक्यातल्या वाचनाच्या चित्रात आहे. आपल्याला वाटतं, वाचून दाखवायचं म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं आणि मुलाने मांडी घालून ऐकायचं. एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या बाबतीत यातलं जवळपास काहीच लागू होत नाही.

मग लागू काय होतं? गेल्या तीस-चाळीस वर्षांत यावर बराच अभ्यास झालाय, तो जरा समजून घेऊ.

पोर चित्राला ओरबाडतं कशाला?

चित्रातला चेंडू बोटांनी उचलायचा प्रयत्न करणारं बाळ तुम्ही पाहिलं असेल. ते आगाऊपणा करत नसतं. ज्युडी डीलोश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली नेमकं हेच तपासलं. नऊ महिन्यांच्या बाळांसमोर वस्तूंची हुबेहूब चित्रं ठेवली, तर बाळं त्यांना हात लावून, चोळून, चिमटीत धरून बघत होती. हे फक्त अमेरिकेतल्या बाळांचं नव्हतं. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधल्या बेंग समाजाच्या बाळांनीही तेच केलं, आणि त्यांच्या आसपास पुस्तकं, चित्रं जवळपास नव्हतीच.

साधारण १९ महिन्यांची मुलं मात्र चित्र पकडायला जात नव्हती. ती बोट दाखवत होती.

ही छोटी वाटणारी गोष्ट फार मोठी आहे. चित्रातलं केळं खाता येत नाही, पण ते केळ्याचंच आहे, हे समजायला माणसाच्या पिल्लाला काही महिने लागतात. एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या जागी उभी असते, हे कळणं म्हणजेच पुढे जाऊन 'क' हे अक्षर एका आवाजाच्या जागी उभं आहे हे कळण्याची सुरुवात. ते शिकण्यासाठी मुलाला पुस्तक हाताळावं लागतं. वरच्या फळीवरच्या पुस्तकाचा इथे उपयोग नाही.

म्हणून या वयासाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तकं असतात, ज्यांना बोर्ड बुक म्हणतात. कापडाचीही मिळतात. चघळा, आपटा, ओल्या फडक्याने पुसा, काही होत नाही. पातळ कागदाचं पान न फाडता उलटायला बोटांवर जो ताबा लागतो तो बहुतेक मुलांना दोन-अडीच वर्षांच्या आसपास येतो. तोवर चिकटपट्टीचं रीळ हाताशी ठेवायचं. फाटलेलं पान मुलासमोरच चिकटवलं तर पुस्तकाला जपायचं असतं हेही त्याला दिसतं, ओरडावं लागत नाही.

वाचायचं कमी, बोलायचं जास्त

आता मुख्य मुद्दा. १९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २१ ते ३५ महिन्यांची सुमारे ३० मुलं. सगळ्यांच्या घरी आईबाबा पुस्तकं वाचून दाखवतच होते. यातल्या निम्म्या पालकांना फक्त एवढंच शिकवलं की पुस्तक दाखवताना बोलायचं कसं. बाकीच्यांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने वाचायचं. दोन्हीकडे वाचन साधारण सारखंच झालं, आणि हे चाललं फक्त एक महिना.

महिन्याभराने भाषेच्या चाचण्या घेतल्या. ज्यांच्या पालकांनी बोलण्याची पद्धत बदलली होती ती मुलं बोलून व्यक्त होण्याच्या चाचण्यांमध्ये सहा ते साडेआठ महिने पुढे होती. दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी सहा महिने म्हणजे किती, हे ज्याच्या घरात असं पोर आहे त्याला सांगायला नको. नऊ महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा फरक थोडा कमी झाला होता, पण टिकून होता.

या पद्धतीला संवादी वाचन म्हणता येईल. त्यात रॉकेट सायन्स काही नाही, पण ते नेमकं कसं असतं हे उदाहरणाशिवाय कळत नाही. समजा पानावर गाडीवर बसलेल्या कुत्र्याचं चित्र आहे. आपल्याकडे साधारण असं चालतं:

"हे काय आहे? सांग. काय आहे हे?"
"भूभू."
"शाब्बास! आणि हे?"
"..."
"अरे काल सांगितलं होतं ना? गाडी! म्हण, गा-डी."

ही तोंडी परीक्षा झाली. पोराने दोन प्रश्नांनंतर उठून जाणं अगदी स्वाभाविक आहे, आपणही गेलो असतो. आता हेच दुसऱ्या पद्धतीने:

"भूभू!"
"हो रे, भूभू. मोठ्ठा काळा भूभू. कुठे चढून बसलाय बघ."
"गाई."
"गाडीवर! गाडीवर बसलाय भूभू. आपल्या गल्लीतला भूभू कुठे बसतो?"
"काका गाई."
"काकांच्या गाडीवर बसतो. मग काका काय करतात?"
"हाड!"

फरक बघा. सुरुवात मुलाने केली. आईने त्याचा शब्द उचलला, त्याला एक-दोन शब्द जोडून परत दिला. 'गाई'ला चूक न म्हणता 'गाडीवर' असा पूर्ण शब्द कानावर घातला. मग पुस्तकातला कुत्रा गल्लीत आणला. या सगळ्यात त्या पानावर छापलेलं वाक्य वाचलंच गेलं नाही, आणि त्याने काही बिघडलंही नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विचारल्यावर थांबायचं. आपल्याला शांतता सहन होत नाही, म्हणून प्रश्न विचारून दोन सेकंदांत उत्तरही आपणच देतो. दोन वर्षांच्या मुलाला शब्द शोधून तोंडातून बाहेर काढायला वेळ लागतो. मनात पाचपर्यंत मोजा. बऱ्याचदा चार झाले की उत्तर येतं.

"पुन्हा!" "पुन्हा?" "पुन्हा!!"

माझी भाची सव्वादोन वर्षांची असताना तिच्याकडे बसचं एक पुस्तक होतं. आठ पानं. महिनाभर रोज रात्री तेच, आणि एका बैठकीत तीन-चार वेळा. मी गेले की मलाही सुटका नाही. ताई एकदा इतकी वैतागली की तिने ते गादीखाली लपवलं. भाचीने शोधून काढलं.

वैतागण्यासारखंच आहे ते. पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागणारं मूल अडून बसलेलं नसतं, ते काम करत असतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही नवे, बनवलेले शब्द गोष्टींमध्ये पेरले. एका गटाने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली, दुसऱ्याने वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्या. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा कानावर पडले. आठवड्यानंतर शब्द जास्त लक्षात कोणाच्या राहिले? एकच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या.

कारण साधं आहे. पहिल्यांदा ऐकताना मुलाचं सगळं लक्ष काय चाललंय हे समजण्यात जातं. दुसऱ्यांदा ऐकताना ते माणसं आणि जागा ओळखतं. तिसऱ्या-चौथ्यांदा कुठे त्याला एकेका शब्दाकडे बघायला सवड मिळते. शिवाय पुढे काय होणार हे आपल्याला आधीच माहीत असण्याची एक मजा असते. ज्या वयात आंघोळ कधी, झोपायचं कधी, चप्पल कुठली, यातलं काहीच स्वतःच्या हातात नसतं, त्या वयात पुढच्या पानावर काय आहे हे ठाऊक असणं म्हणजे केवढी मोठी सत्ता!

आपल्या आज्यांना हे अभ्यासाशिवाय माहीत होतं. चिमणी-कावळ्याची गोष्ट आठवा. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार वाजवतोय आणि चिमणी आतून दरवेळी एक नवं कारण सांगतेय. त्या गोष्टीची बांधणीच अशी आहे की दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून पोरं चिमणीचं उत्तर स्वतः देऊ लागतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी केलेलं हे पहिलं संवादी वाचन, तेही पुस्तकाशिवाय.

तर सहाव्यांदा तेच पुस्तक आलं तर काय करायचं? शेवटचा शब्द गाळायचा आणि थांबायचं. किंवा मुद्दाम चूक करायची, बसला 'हत्ती' म्हणायचं. समोरून जो निषेध होतो तो ऐकण्यासारखा असतो.

टॅबवर गोष्ट दाखवली तर काय बिघडतं?

हा प्रश्न हल्ली सगळ्यात जास्त विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की एक वर्षाच्या मुलांना बसून स्क्रीन दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या आत. मूल बसलेलं असताना त्याच्यासोबत वाचावं, गोष्टी सांगाव्यात, हे त्याच सूचनांमध्ये लिहिलंय.

पण स्क्रीनवरचं पुस्तक हेही पुस्तकच, नाही का? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात २०१९ साली ३७ पालक आणि त्यांच्या दोन-अडीच वर्षांच्या मुलांना तीन प्रकारची पुस्तकं दिली. छापील, टॅबवरचं साधं, आणि टॅबवरचं हात लावला की आवाज करणारं. छापील पुस्तकासोबत पालक आणि मुलं दोघंही एकमेकांशी जास्त बोलले. टॅबवर बोलणं घटलं, आणि पालकांचं बोलणं पुस्तकापेक्षा यंत्राबद्दल जास्त होऊ लागलं. "इथे दाब", "तिकडे नको", "थांब, बंद होईल". टॅब मधे आला की दोन माणसांमधलं बोलणं आटतं, खरी अडचण ही आहे.

हेच थोड्या प्रमाणात छापील पुस्तकांतल्या करामतींनाही लागू होतं. उघडझाप होणाऱ्या खिडक्या, ओढायच्या पट्ट्या, उभी राहणारी चित्रं. डीलोश यांच्याच गटाने २०१० साली दाखवलं होतं की अशा पुस्तकांतून लहान मुलं साध्या चित्रांच्या पुस्तकांपेक्षा कमी शिकतात, कारण लक्ष पट्टी ओढण्यात जातं. गंमत म्हणून एखादं असू द्या. पण "सातशे रुपयांचं आहे म्हणजे चांगलंच असेल" हे गणित इथे चुकतं.

आपलं खरं दुखणं वेगळंच आहे

मला या विषयात सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट भाषेची आहे.

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात जा किंवा ऑनलाइन बघा. एक-दोन वर्षांच्या मुलांसाठी पुठ्ठ्याची पुस्तकं म्हटलं की इंग्रजी पुस्तकांचा ढीग पडतो. माय फर्स्ट अमुक, शंभर शब्द तमुक. मराठीत याच वयासाठी जाड पानांची पुस्तकं शोधायला गेलात तर हातात पडतात मुळाक्षरं, फळं, भाज्या, प्राणी. कमळातला क आणि गणपतीतला ग. म्हणजे पुस्तक कमी आणि अभ्यास जास्त.

त्यामुळे होतं काय, की घरात अख्खा दिवस मराठी बोलणारी आई रात्री पुस्तक उघडलं की अचानक "लुक बेबी, व्हॉट इज धिस? धिस इज पम्पकिन!" सुरू करते. ताईकडच्या एका पुस्तकात स्नोमॅन होता, शेकोटीवर भाजायचा मार्शमेलो होता, लाल रंगाची पत्रपेटी होती. चिंचवडमध्ये वाढणाऱ्या मुलीने यातलं काही पाहिलेलं नव्हतं. "आपल्या गल्लीतला भूभू कुठे बसतो?" हा प्रश्न स्नोमॅनबद्दल कसा विचारणार?

इंग्रजी पुस्तकांशी वैर नाही. दोन भाषा ऐकल्याने मूल गोंधळतं हा समजही जुना झाला, मुलं दोन्ही भाषा व्यवस्थित सांभाळतात. मुद्दा एवढाच आहे की संवादी वाचनाचा सगळा खेळ पालकाच्या बोलण्यावर आहे, आणि माणूस ज्या भाषेत हसतो, चिडवतो, रागावतो त्याच भाषेत तो मोकळं बोलतो. तोकड्या इंग्रजीत ते बोलणं 'धिस इज' आणि 'दॅट इज'च्या पुढे जात नाही. पुस्तक इंग्रजी असलं तरी गप्पा मराठीत मारता येतात. आणि ती मराठी छापील असण्याचीही सक्ती नाही. घरात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी असेल तर चित्रातली म्हैसही त्याच बोलीत हंबरू द्या. न्यू जर्सी किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी घरांसाठी तर ही रात्रीची दहा मिनिटंच कधीकधी दिवसातली सगळ्यात जास्त मराठी असते.

चांगली मराठी पुस्तकं नाहीतच असंही नाही. माधुरी पुरंदरे यांनी छोट्या मुलांसाठी जे काम करून ठेवलंय ते कुठल्याही भाषेने मिरवावं असं आहे. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, आणि २०१६ साली बिग लिटल बुक पुरस्कार सुरू झाला तेव्हा लेखनाचा पहिला मान त्यांनाच मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली त्यांची 'राधाचं घर' ही मालिका घरातल्या माणसांबद्दल आहे. चित्रं त्यांचीच. घर आपल्याकडच्या घरासारखं, माणसंही तशीच, त्यामुळे पान उघडलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही. त्यांचं 'चित्रवाचन' थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे, पण अडीच-तीन वर्षांपासून त्यावर गप्पा मारता येतात. चेन्नईचं तूलिका प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्टही मराठीत मुलांची चित्रपुस्तकं काढतात. पुण्याचं 'चिकूपिकू' हे मासिक याच वयाच्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून निघतं. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, आणि त्या छापून घ्यायलाही परवानगी आहे. जवळच्या दुकानात रंगीत छापून, प्लास्टिकचं आवरण लावून घेतलं की झालं पुस्तक. स्क्रीनचा प्रश्नही मिटला.

आणि खिशात पैसे नसतील तर?

इथे हा विषय 'क्यूट पॅरेंटिंग'च्या रीलमधून बाहेर येतो.

सोशल मीडियावर एक आकडा खूप फिरतो, दहा लाख शब्दांचा. तो २०१९ सालचा आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जेसिका लोगन आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या पुस्तकांतले शब्द मोजून हिशेब मांडला की शाळेत जाण्याआधी रोज एक पुस्तक ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर पुस्तकांतून सुमारे २ लाख ९७ हजार शब्द पडतात, रोज पाच पुस्तकं ऐकणाऱ्याच्या कानावर १४ लाखांहून जास्त. ज्याला कधीच वाचून दाखवलं नाही त्याच्या वाट्याला पाच हजारही येत नाहीत. हा पुस्तकांवरून केलेला हिशेब आहे, मुलांमागे फिरून केलेली मोजणी नव्हे. तेव्हा रोज पाच पुस्तकांचा कोटा पूर्ण झाला नाही म्हणून रडत बसू नका. पण फरक कुठल्या दिशेने पडतो ते यातून कळतं. पहिलीच्या वर्गात जी दोन मुलं शेजारी बसतात त्यातल्या एकाच्या मागे हे सगळे शब्द असतात आणि दुसऱ्याच्या मागे नसतात. बाईंना मात्र दोघंही सारखीच नवी वाटतात.

मग ज्या घरात पुस्तक नाही, किंवा आईला वाचताच येत नाही, त्या घराचं काय? याचं उत्तर दक्षिण आफ्रिकेत मिळालं. केप टाउनजवळ खायलित्शा नावाची मोठी गरीब वस्ती आहे. तिथे १४ ते १६ महिन्यांची मुलं असलेल्या ९१ जणींसोबत एक अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही जणींना आठ आठवडे पुस्तक घेऊन मुलाशी कसं बोलायचं हे शिकवलं. मूल कुठे बघतंय ते आधी बघा, त्यावर बोला, बोट दाखवा, घाई करू नका. या पद्धतीत चित्रांची पुस्तकं वापरली जातात, त्यामुळे वाचता आलंच पाहिजे अशी अट नसते. आठ आठवड्यांनंतर त्या मुलांना जास्त शब्द समजत होते आणि त्यांचं लक्षही जास्त वेळ टिकत होतं.

म्हणजे यासाठी डिग्री लागत नाही. घरात बोर्ड बुक नसेल तर फोटोंचा अल्बम असतो. खरं सांगायचं तर एका वर्षाच्या मुलासाठी त्यापेक्षा भारी पुस्तक नाही. त्यात आजी आहे, मामा आहे, गावचं घर आहे, आणि स्वतः ते पोर आहे. मोबाईलमधले वीस फोटो छापून पुठ्ठ्यावर चिकटवले, भोकं पाडून सुतळी ओवली की तयार. लग्नपत्रिकेवरचा गणपती, किराणा दुकानाच्या जाहिरातीतली साबणं आणि बिस्किटं, जुनं कॅलेंडर, सगळं चालतं. फक्त शेजारी बसून कोणीतरी बोललं पाहिजे.

ते कोणीतरी आई असणं गरजेचं नाही, हेही इथेच सांगून टाकते. आपल्याकडे हे काम आपोआप आईच्या नावावर चढतं. बाबा, आजोबा, मोठी बहीण, कोणीही चालेल. रात्री नऊला घरी येणाऱ्या बाबाकडे जी पाच मिनिटं आहेत ती यात घालता येतात, आणि मुलं त्या पाच मिनिटांची वाट बघतात.

दुसऱ्या देशांनी काय केलं?

बोस्टनमध्ये १९८९ साली काही बालरोगतज्ज्ञांनी एक साधी गोष्ट सुरू केली. तपासणीसाठी आलेल्या बाळाच्या आईबाबांना डॉक्टर स्वतः एक पुस्तक देणार आणि ते कसं दाखवायचं हे दोन मिनिटं सांगणार. रीच आउट अँड रीड नावाचा हा उपक्रम पुढे अमेरिकाभर पसरला. इंग्लंडमध्ये १९९२ साली बर्मिंगहॅममधल्या ३०० बाळांपासून बुकस्टार्ट सुरू झालं आणि नंतर देशभर बाळांना फुकट पुस्तकं मिळू लागली. २०१४ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अगदी तान्हेपणापासून मोठ्याने वाचून दाखवा असं पालकांना सांगणं हे डॉक्टरांच्या कामाचा भाग आहे, असं धोरणच जाहीर केलं.

आपल्याकडे याला लागणारा सांगाडा आधीच उभा आहे. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर आणि मग १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान घ्यायला मूल येतंच. अंगणवाडीत त्याचं वजन होतं, घरी न्यायचा पोषण आहार मिळतो. पण अंगणवाडीचं पूर्वप्राथमिक शिक्षण तीन वर्षांनंतर सुरू होतं. त्याआधीचं मूल व्यवस्थेला भेटतं ते मुख्यतः सुई आणि वजनकाट्यावर. महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ साली जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा आणला. लहान बाळांशी बोलणं, खेळणं, त्यांना गोष्टी सांगणं हे त्यातून अंगणवाडी सेविकांमार्फत घरोघरी पोहोचावं असं त्यात म्हटलंय. आधीच डझनभर नोंदवह्या आणि ॲप भरणाऱ्या सेविकेच्या पिशवीत एक चित्रांचं पुस्तकही असेल का, हा खरा प्रश्न आहे.

सार्वजनिक ग्रंथालयांचंही तसंच. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा, आणि राज्यात शासनमान्य वाचनालयं हजारोंनी आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बालविभाग असतो. पण तो वाचता येणाऱ्या मुलांसाठी. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन जमिनीवर बसता येईल असा सतरंजीचा एक कोपरा तुमच्या गावच्या वाचनालयात आहे का? नसेल तर मागून बघा. सतरंजी आणि पंचवीस पुस्तकं एवढंच लागतं.

दोन गोष्टी राहिल्या.

एक, पुस्तक हे औषध नव्हे. सव्वा-दीड वर्षाचं मूल बोट दाखवून काही मागत नसेल, दाखवत नसेल, किंवा दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर "वाचून दाखवतोय ना, बोलेल" असं म्हणत थांबू नका. "याचा बाबाही उशिरा बोलला होता" यावरही नको. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ऐकू येतंय का तेही तपासून घ्या.

दुसरी, काही मुलं खरोखरच एका जागी बसत नाहीत. त्यांना फिरू द्या. तुम्ही पुस्तक उघडून बोलत राहा, पोर खोलीत चकरा मारत कानाने ऐकत असतं आणि आवडीचं पान आलं की धावत येतं. दोन मिनिटांत पुस्तक मिटलं तर तेव्हा मिटू द्या. आणि जेवणाच्या ताटासमोर लाच म्हणून पुस्तक वापरू नका. मोबाईलच्या जागी फक्त पुस्तक आलं तर घास अजूनही न बघताच गिळला जातो.

भाचीचं ते बसचं पुस्तक आता चार ठिकाणी चिकटवलेलं आहे आणि त्याला पाठीचं कव्हर उरलेलं नाही. गेल्या आठवड्यात ती ते उलटं धरून तिच्या कापडी माकडाला वाचून दाखवत होती. मधेच थांबून तिने माकडाला विचारलं, "आता कोण येणार?" आणि मग बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत गप्प बसली.